जास्वंदीचं बी कुणी पाहिलंय?

हे आपल्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातले 'म्हणजे म्हणजे' आणि मागचा कोंबडा काढून टाकलाय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात. इयरफोन हरवलेल्यांसाठी, आणि एसटी घाटात शिरली की ज्यांची रेंज जाते त्यांच्यासाठी खास.

तर सुरुवातीलाच एक प्रश्न. रत्नागिरीत ज्याच्या परसात किंवा गडग्याला लागून जास्वंद नाही, असं घर शोधायला निघालात तर संध्याकाळ होईल. गणपतीला लाल फूल, आजीच्या डोक्याला जास्वंदीचं तेल, आणि शाळेत फुलाचे भाग शिकवताना बाईंनी ब्लेडने उभं कापून दाखवलेलं फूलसुद्धा हेच. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग... आठवलं ना? आता सांगा, या जास्वंदीचं बी तुम्ही कधी पाहिलंय?

बहुतेकांचं उत्तर 'नाही' असणार. आपली घरची लाल जास्वंद रोज फुलते, रोज गळते आणि बी जवळजवळ कधीच धरत नाही. शेजारणीने फांदी दिली, आपण ती पावसाच्या तोंडावर मातीत खोचली, ती जगली. त्या शेजारणीलाही कुणी तरी फांदीच दिली होती. म्हणजे तुमच्या दारातली लाल जास्वंद आणि चार घरं सोडून असलेली लाल जास्वंद या बहिणी नव्हेत. ते एकच झाड आहे, तुकड्या-तुकड्यांनी गावभर पसरलेलं.

मग बाजारात त्या केशरी, जांभळट, दुरंगी, बशीएवढ्या फुलांच्या जास्वंदी येतात कुठून? कुणी तरी त्या 'केल्या' आहेत. कशा करतात, आणि रत्नागिरीत बसून तुम्हाला एखादी नवी जात करता येईल का, हा आजचा विषय.

आधी आंबा, मग फूल

कोकणातल्या माणसाला हे समजवायला फार कष्ट पडत नाहीत, कारण अर्धं आपल्याला आधीच ठाऊक असतं. हापूसची कोय पुरली तर हापूस येतो का? नाही. येतो तो रायवळ. बरा निघेल, आंबट निघेल, तंतुमय निघेल, पण हापूस निघणार नाही. हापूस हवा असेल तर कलमच हवं. कारण सरळ आहे: कोयीत आईबापांच्या गुणांची नवी वाटणी झालेली असते. कलमात वाटणी होत नाही, जुनंच झाड पुढे चालू राहतं.

आता हीच गोष्ट उलटी करून पाहा. सारखेपणा हवा असेल तर कलम. काही तरी नवं हवं असेल तर बीच लागणार. रायवळ ही माळ्याच्या दृष्टीने कटकट असते, पण नवी जात शोधणाऱ्याच्या दृष्टीने लॉटरीचं तिकीट. फक्त ते तिकीट डोळे मिटून घ्यायचं नाही, आई कोण आणि बाप कोण हे आपण ठरवायचं.

आपल्याकडे हे झालेलं आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा क्रॉस करून 'रत्ना' हा आंबा तयार झाला, आणि १९८१ साली तो कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केला. गंमत म्हणजे त्याच वर्षी १ मे रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याआधी वेंगुर्लं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. त्यामुळे 'रत्ना' वाढला तो रत्नागिरी जिल्ह्यातच, असं म्हणायला हरकत नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी क्रॉस झाला आणि १९९२ मध्ये 'सिंधू' आला, अगदी पातळ कोयीचा. दापोलीचं हे विद्यापीठ १९७२ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि आपल्यातल्या निम्म्यांना ते फक्त 'सीईटीनंतर फॉर्म भरायचं कॉलेज' म्हणून माहीत असतं.

रत्नामागचा विचार लक्षात घ्या, कारण फुलालाही तोच लागू पडतो. हापूसला चव आहे, पण तो एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, शिवाय आत साका होतो. नीलम दरवर्षी धरतो. म्हणजे 'छान दिसणारे दोन आंबे एकत्र करू' असं कुणी म्हटलं नव्हतं. एक नेमकी अडचण होती आणि तिच्यावर उत्तर देणारा जोडीदार शोधला गेला.

मग आपली अडचण काय?

नर्सरीत जाऊन 'मोठ्या फुलाची जास्वंद द्या' म्हटलं की 'पुणे व्हरायटी' हातात येते. हे नाव तुम्ही ऐकलंच असेल, हल्ली सगळ्या देशात तसल्या जास्वंदींना तेच म्हणतात. बुटकं झाड, कोकोपीटची पिशवी, त्यावर तळहातापेक्षा मोठं फूल. आपण घरी आणतो, फोटो काढतो, स्टेटस ठेवतो. मग जून येतो.

रत्नागिरीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली जांभा, त्यावर वीतभर माती. जिथे पाणी निचरतं तिथे ठीक, जिथे साचतं तिथे मुळं कुजतात. ऑगस्टपर्यंत ती पुणे व्हरायटी पिवळी पडते, पानं टाकते आणि गणपतीपर्यंत तिची काडी होते. शेजारीच गावठी लाल मात्र चिखलात उभी राहून हसत असते. जी झाडं पावसातून वाचतात, त्यांना पुढचे आठ महिने कोरडं ऊन, आणि किनाऱ्यालगत असाल तर खारा वारा.

यात नर्सरीवाल्याने फसवलं असं नाही. ती झाडं घडवली गेली तीच मुळी कुंडीसाठी, फुलाच्या आकारासाठी आणि कोरड्या-थंड हवेसाठी. शिवाय कुंडीतली जास्वंद बुटकी, गच्च दिसावी म्हणून वाढ रोखणारी औषधं वापरायची पद्धत जगभर आहे. आंब्याच्या बागायतदारांना 'कल्टार' सांगायला नको, त्याच कुळातला प्रकार. औषधाचा अंमल उतरला की झाड आपल्या मूळ स्वभावावर येतं आणि लांबच लांब फांद्या टाकतं. आपण म्हणतो, 'आणलं तेव्हा किती छान होतं!'

आणि हल्ली प्रश्न नुसत्या घरच्या कुंडीचा राहिलेला नाही. गणपतीपुळे, आरे-वारे, गुहागर, हर्णै या पट्ट्यात होमस्टे आणि रिसॉर्टं वाढली आहेत. त्यांच्या बागा कोण पुरवतं? बाहेरून ट्रक येतात, आंध्रात राजमुंद्रीजवळच्या कडियमसारख्या नर्सऱ्यांच्या गावांतून. झाडं लावायची, पावसात मरायची, दिवाळीला पुन्हा आणायची. इथल्या मुलाने इथल्या पावसात टिकणारी, कुंपणाला भरगच्च वाढणारी, रोज फुलणारी जास्वंद तयार केली, तर तिला गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागणार नाही. माझ्या मते हा आपला 'नीलम × हापूस' आहे: गावठीची मुळं आणि चिवटपणा, संकरित जास्वंदीचं फूल.

हे नवं नाही

जास्वंदीचं शास्त्रीय नाव 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस'. लिनियसने १७५३ मध्ये ते दिलं, अर्थ 'चीनचा गुलाब'. पण ही जास्वंद चीनच्या जंगलात सापडत नाही. आज ती कुठल्याच जंगलात मूळची म्हणून सापडत नाही. माणसाने शेकडो वर्षं हातोहात फिरवलेलं हे झाड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॉरिशसमध्ये तिचे क्रॉस झाले. मग विसाव्या शतकात हवाईमध्ये याचं वेडच लागलं. पॅसिफिक बेटांवरच्या जाती, हिंदी महासागरातल्या बेटांवरच्या जाती, आणि पूर्व आफ्रिकेतली ती कातरलेल्या पाकळ्यांची, लोंबणारी, जिला आपण झुंबर जास्वंद म्हणतो, सगळ्यांची खिचडी झाली. आज तुम्ही जी मोठ्या फुलाची जास्वंद विकत घेता ती या खिचडीतूनच आली आहे.

भारतातही हे काम झालंय. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे, १९६७ पासून. तिथून जास्वंदीच्या बऱ्याच जाती निघाल्या: 'आशीर्वाद', 'भारत सुंदरी', 'चित्रलेखा', 'फुलकारी', 'नर्तकी', 'अनुराग', 'ट्रायबल क्वीन'. नावं कशी मस्त आहेत बघा. तरी आपल्याकडे नर्सरीत जाऊन 'चित्रलेखा आहे का' विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. जात तयार करणं आणि ती लोकांच्या दारात पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यात आपण कच्चे आहोत.

आईबाप निवडणे

पहिली अट, आई अशी हवी जी बोंड धरते. गावठी लाल इथेच दगा देते. जास्वंदीच्या जातींमध्ये गुणसूत्रांची संख्या एकसारखी नसते, कुणाकडे जास्त संच, कुणाकडे कमी. बी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि जोड्याच नीट लागत नसतील तर बी धरत नाही. केळ्यात बी का नसतं? तिथे तीन संच असतात, तिघांची जोडी कशी लावणार? आपल्या अबोलीतसुद्धा असं आहे. 'दिल्ली अबोली' म्हणून जी गर्द, भरपूर फुलांची अबोली लावतात, ती तीन संचांची आहे. ती फांदीवरूनच वाढवावी लागते. साधी अबोली मात्र बी धरते, आणि तिच्या वाळक्या बोंडांवर पाणी टाकलं की ती फटाफट उडतात. लहानपणी हा उद्योग केला नसेल तर एकदा कराच.

तर गावठी लाल आई म्हणून बहुधा चालत नाही. बाप म्हणून, म्हणजे तिचे परागकण घेऊन, प्रयत्न करून पाहायचा. दहा फुलांवर टाकले तर एखाद्या वेळी लागेल, नाहीतर नाही. दुसरा चांगला उमेदवार झुंबर जास्वंद. ती चिवट असते, कोकणात सहज वाढते आणि इतर जास्वंदींशी तिचा संकर होतो हे हवाईवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय. आणि तिसरा मार्ग, मला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा: आपल्या गावात फिरा आणि ज्या रंगीत, मोठ्या फुलांच्या जास्वंदी पाच-सात पावसाळे काढून उभ्या आहेत त्या शोधा. एखाद्या काकूंच्या विहिरीजवळची पिवळी, एखाद्या देवळामागची गुलाबी. निसर्गाने तुमच्यासाठी पहिली परीक्षा घेऊन ठेवलेली आहे. त्यांची एक-एक फांदी मागा. कोकणात फांदीला कुणी नाही म्हणत नाही.

आई म्हणून घेतलेल्या झाडावर आधी कुणाचेही परागकण टाकून बघा, बोंड धरते का एवढंच. जी धरते ती तुमची आई. सगळं याच एका गोष्टीवर अडतं, म्हणून एक हंगाम यात गेला तरी चालेल.

आता प्रत्यक्ष क्रॉस

हंगाम: दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसात परागकण भिजतात आणि बोंडं कुजतात, एप्रिल-मेच्या उकाड्यात गळ होते. थंडीत आपल्याकडे जेवढा काय गारवा पडतो तेवढा पुरतो.

साहित्य: बारीक कात्री, चहाच्या गाळण्याएवढं पातळ कापड, दोरा, आणि टॅग. मसाल्याच्या रिकाम्या पुड्यांचा पुठ्ठा कापून टॅग करू नका, दवाने लगदा होतो. प्लॅस्टिकच्या डब्याची पट्टी आणि पेन्सिल. हो, पेन्सिलच. पेनची शाई उन्हात उडते.

उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळीच ओळखता येते, लांब होते आणि पाकळ्यांचा रंग बाहेर डोकावतो. आईच्या झाडावरची अशी कळी घ्या, पाकळ्या हलक्या हाताने फाडा. आत तो दांडा दिसेल, शाळेत काढलेली आकृती आठवा. दांड्याभोवती जे बारीक ठिपके लोंबत असतात ते परागकोश, आणि अगदी टोकाला पाच मखमली गोळे असतात ती कुक्षी. परागकोश खरवडून टाकायचे, कुक्षीला धक्का न लावता. मग वरून कापडाची टोपी बांधायची, म्हणजे मुंग्या, मधमाश्या आणि शिंजिर यांनी तुमच्या आधी हात मारायला नको.

सकाळी, दव उडाल्यावर, बापाच्या झाडावरचं ताजं फूल तोडा. हवेत दमटपणा असेल तर परागकण सुटायला जरा वेळ लागतो, घाई नको. पिवळी भुकटी बोटाला लागायला लागली की तयार. ते फूलच ब्रशसारखं धरून आईच्या पाचही गोळ्यांवर अलगद घासायचं. टोपी परत बांधा. टॅगवर आई आधी, मग गुणिले, मग बाप, आणि तारीख. हा क्रम जगभर असाच आहे. फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण वानरं येतात. वानरांना जास्वंदीची फुलं फार आवडतात आणि टॅगशी त्यांचं काही देणंघेणं नसतं.

आईची आणि बापाची फुलं एकाच दिवशी उमलली नाहीत तर? उमललेलं फूल सकाळी तोडून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते पूजेच्या तबकात जाईल.

चार-पाच दिवसांत निकाल कळतो. देठ पिवळा पडून सगळं गळलं, तर नाही लागलं. हिरवं राहून बुडाशी फुगायला लागलं, तर लागलं! कापूस, भेंडी, अंबाडी ही जास्वंदीची चुलत भावंडं, त्यामुळे बोंड कापसाच्या छोट्या बोंडासारखंच दिसतं. साधारण दीड-दोन महिन्यांत, कधी त्याहून जास्त दिवसांत, ते तपकिरी होऊन तडकतं. तडकायच्या आधीच त्याला पातळ कापडाची पिशवी बांधा, नाहीतर दोन महिन्यांची मेहनत गवतात शोधत बसाल.

बी हरभऱ्याहून लहान, केसाळ, आणि कवच टणक. नखकात्रीने एका कडेला अगदी बारीकसा टवका काढायचा, डोळा सोडून, आणि रात्रभर पाण्यात ठेवून वाळू-कोकोपीटमध्ये पेरायचं. आठवडा ते तीन आठवडे. एका बोंडात कधी तीन बिया निघतात, कधी वीस. आणि प्रत्येक बी वेगळं. एकाच बोंडातल्या दोन रोपांची फुलं शेजारी ठेवली तर ती भावंडं आहेत हे सांगूनही पटत नाही.

सगळ्यात अवघड भाग: टाकून देणे

फेब्रुवारीत पेरलेली रोपं जूनपर्यंत वीत-दोन वीत होतात. पहिला पावसाळा त्यांना छपराखाली ठेवा, बाळं आहेत. पहिलं फूल नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही येईल. ते पहिलं फूल बघणं, खरं सांगतो, यासाठीच माणसं हा नाद करतात. जगात याआधी कुणीही न पाहिलेलं फूल तुमच्या अंगणात उमललेलं असतं.

आणि बहुतेक वेळा ते साधं असतं. मळकट गुलाबी, मान खाली घातलेलं. शंभर रोपांतून ठेवण्याजोगं एखाद-दुसरं, असंच धरून चला. बाकीची वाटून टाका, कुंपणाला लावा, पण 'माझं आहे म्हणून' सगळी सांभाळत बसलात तर जागा संपेल, पाणी संपेल आणि आईचा संयमही.

इथे एक फरक समजून घ्या. प्रदर्शनाचं फूल आणि बागेचं झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रदर्शनात एकच फूल बशीत ठेवून मार्क देतात. बागेत कुणी फूल मोजपट्टीने मोजत नाही, रस्त्यावरून जाताना झाड कसं दिसतं ते बघतात. म्हणून निवड करताना फुलाआधी झाड बघा. बुडापासून पानं आहेत का, की खाली नुसत्या काठ्या? न छाटता आकार धरतं का? फूल पानांच्या वर उठून दिसतं की आत लपतं? सुकलेलं फूल आपोआप गळतं का? पिठ्या ढेकूण आणि मावा याच्यावर किती बसतो? एका दिवसाऐवजी फूल दोन दिवस टिकतं का? दोन दिवस टिकलं तर बागेत एका वेळी दिसणारी फुलं दुप्पट, हिशेब साधा आहे.

आणि मग दुसरा पावसाळा. छप्पर नाही, लाड नाहीत. जांभ्यावरच्या साध्या मातीत, आषाढाच्या धारेखाली. जी रोपं गणपतीत हिरवी आहेत ती पुढे गेली. इतकं सुंदर फूल होतं, जरा वाचवू या, असं कितीही वाटलं तरी नाही. ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप मांडला ती परीक्षाच हीच आहे, तिथे पेपर फोडून कसं चालेल?

उरलेल्या एक-दोन रोपांच्या फांद्या लावून वीस-पंचवीस झाडं करायची. ती एकसारखी वाढतात का, रंग तोच राहतो का, मुळं स्वतःची चांगली फुटतात का, हे आणखी दोन-तीन पावसाळे बघायचं. काही झाडं चिपळूणच्या मित्राकडे, काही समुद्रालगत, काही देवरुखच्या बाजूला लावून बघा. जास्वंदीचा रंग हवेप्रमाणे बदलतो, थंडीत गर्द आणि उन्हाळ्यात फिका, त्यामुळे एका जागेवर विश्वास ठेवायचा नाही. एकूण पाच-सहा वर्षं. बारावीत सुरू केलंत तर पदवी हातात येईल तेव्हा फूलही हातात येईल.

एवढा दम नसेल, तर आजच्या आज करण्यासारखं एक आहे: पुणे व्हरायटीची काडी गावठी लालच्या खुंटावर पाचर कलमाने बांधा. मुळं पावसाची सवय असलेली, फूल हौसेचं. आंब्या-काजूची कलमं बांधणारी माणसं आपल्याकडे वाडीवाडीत आहेत, ती पाच मिनिटांत दाखवतील. नवी जात नाही होणार, पण झाड मरण्याचं प्रमाण कमी होईल.

नाव कुणाचं, हक्क कुणाचा

शेवटी जात निघालीच, तर? नाव द्यायचे नियम आहेत. बागेतल्या जातीचं नाव एकेरी अवतरणात लिहितात, आणि १९५९ पासून नव्या जातींना लॅटिन धाटणीचं नाव देता येत नाही. मराठी नाव अगदी चालतं. जास्वंदीच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद ऑस्ट्रेलियन हिबिस्कस सोसायटी ठेवते. त्या नोंदीने नाव तुमचं होतं, पण मालकी नाही.

मालकी हवी तर कायदा वेगळा: वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. त्यात जात नवी, इतरांहून वेगळी, एकसारखी आणि स्थिर असावी लागते, आणि फुलझाडासाठी संरक्षण पंधरा वर्षांचं मिळतं. मात्र ते पीक सरकारने अधिसूचित केलेल्या यादीत असायला हवं, म्हणून अर्जाची स्वप्नं बघण्याआधी प्राधिकरणाच्या वेबसाइटवर यादी तपासा. आणि एक महत्त्वाचं. अर्ज करण्याच्या एक वर्षाहून आधीपासून तुम्ही ती जात भारतात विकत असाल, तर ती 'नवी' राहत नाही. म्हणजे पहिल्याच आनंदात आठवडी बाजारात फांद्या विकायला बसायचं नाही. फांदी हातात गेली की ती गावभर जाते, हे जास्वंदीबद्दल तर आपण सुरुवातीलाच बोललो.

काही जणांना हे हक्क वगैरे पटत नाही. फूल देवाचं, त्यावर कसला हक्क? मला दोन्ही बाजू कळतात. पण पाच-सहा वर्षं मुळं कुजताना बघत बसलेल्या पोराचं नाव निदान त्या झाडाच्या पाटीवर असावं, एवढं तरी.

तुमचे प्रश्न

'ऑनलाइन निळ्या जास्वंदीच्या बिया मिळतात, घेऊ का?' नका घेऊ. या जास्वंदीत खरा निळा रंग नसतो, फार तर जांभळट-राखाडी छटा येते. ते गडद निळे फोटो एडिट केलेले असतात. थंड प्रदेशातल्या एका वेगळ्या हिबिस्कसला निळसर फुलं येतात, पण ते झाड वेगळं आणि आपल्या हवेत ते रमत नाही.

'क्रॉस न करता नवी जात मिळते का?' कधी कधी. झाडाच्या एखाद्याच फांदीत आपोआप बदल होतो आणि तिला वेगळ्या रंगाची फुलं येतात. 'मेरी पामर' ही पांढऱ्या-गुलाबी मिश्र रंगाची बोगनवेल अशीच १९४९ मध्ये कोलकात्याला एका झाडाच्या फांदीवर दिसली. तशी फांदी दिसली तर आधी तिची काडी लावा, मग फोटो. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि लखनौला असाच बदल गॅमा किरणांनी घडवून बोगनवेलीच्या जाती काढल्यात, पण तो आपल्या अंगणातला उद्योग नव्हे.

'टेरेसवर जमेल का?' आईबाप आणि पन्नास रोपं कुंड्यांत जमतात. पण पावसाळ्याची परीक्षा जमिनीतच घ्यावी लागेल, त्यासाठी गावाकडचा एखादा कोपरा मामाकडून मागून घ्या.

या हंगामात कुणी क्रॉस केलाच, तर टॅगचा फोटो पाठवा. आई आधी, मग बाप. पुढच्या भागात गुटी कलम.